टीव्हीला गोधडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टीव्हीला गोधडी गुंडाळणं. पाच डिसेंबरची संध्याकाळ होती. गोधडीचं एक टोक बायकोनं धरलं, एक मी. टीव्ही तापलेला होता आणि तो गार व्हायच्या आत झाकायचा होता.

“मागनं घ्या आधी. मागं जाळी हाय, तिथनंच वारं शिरतं,” ती म्हणाली.

“आगं, टीव्ही हाय का बाळंतीण?”

“बाळंतीणच समजा. आन् कानबी झाका तिचं.”

कान म्हणजे बाजूची दोन बटनं. ती पण झाकली. वरून सुतळी बांधली. ती गोधडी तिच्या हातची, तिच्याच जुन्या लुगड्यांची. घरात तिच्याइतकं ऊबदार पांघरूण दुसरं नव्हतं. मी म्हणलं, तू काय घेणार अंगावर? तर म्हणाली, “चादर हाय की. माझ्या अंगात रगत हाय. त्याच्या अंगात काय, तारा.”

त्याच रात्री ती गेली. सकाळी मी काय केलं त्यावरून वस्तीत बोललं गेलं, अजून बोलतात. बायको मरून पडली आणि म्हातारा टीव्ही बघत बसला. बोलू द्या. पोरगा आला तर तो म्हणाला, “आबा, एक फोन करायचा मला, रंगीत आणून दिला असता.” आईच्या मातीला आला होता आणि टीव्हीचं बोलत होता. इथं सगळं लिहितो.

टीव्ही त्याचाच. तो दौंडला नोकरीला. त्यानं रंगीत घेतला तेव्हा काळा-पांढरा आम्हाला आणून दिला. नदीकाठच्या म्हाताऱ्यांना रंग कशाला लागतात, असं त्याला वाटलं असेल. उन्हाळ्यात आणून दिला तेव्हा झकास चालला. पावसाळ्यात चालला. दिवाळी सरली, थंडी पडली आणि त्यानं मान टाकली.

आमचं घर वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेच्या अंगाला. चारी बाजूनं ऊस, उसात पाणी. थंडी तिथं वरून पडत नाही, जमिनीतून वर येते. सकाळी बटन दाबलं की टीव्ही नुसता गुंगायचा. पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. चित्र नाही, आवाज नाही. ऊन दारात आलं की आपोआप लागायचा, जसं काही झालंच नाही.

मी आधी अँटेनाला दोष दिला. पत्र्यावर चढून ती फिरवली, राहू गावाकडं तोंड केलं, शिरूरकडं केलं. मग पिन बदलली. मग थापा मारल्या, वरून, बाजूनं. थाप मारल्यावर एकदा लागला, म्हणून पुढं महिनाभर मी थापाच मारत होतो. ती चुलीपुढनं म्हणायची, “मारू नका. मारून माणूस सुधरत न्हाई, त्यो तर डबा.”

शेवटी पोत्यात बांधून एसटीनं शिरूरला नेला. मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, “बाबा, ह्याचं अर्धं तिकीट काढू का फुल?” सगळी गाडी हसली. मी नाही हसलो.

मेकॅनिक तरणा माणूस, केसाला तेल, दुकानात गाणी लावलेली. दुकान उघडेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. त्यानं पिन घातली, बटन दाबलं. लगेच चित्र. स्वच्छ.

“मामा, ह्यात फॉल्ट कुठाय?”

“फॉल्ट घरी हाय.”

“मग फॉल्टला घेऊन यायचं की. ह्याला कशाला आणला?”

मी सांगितलं, सकाळी लागत नाही, ऊन चढलं की लागतो. तो म्हणाला, “मग ऊन चढल्यावर बघत जावा.” मी म्हणलं, रात्रभर ठेव आणि सकाळी बघ. ठेवला. त्याची सकाळ अकराला. लागला. परत गेलो तेव्हा त्यानं एकदा मागचं झाकण खोललं. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. ते त्यानं पेचकसानं पाडलं, ब्रशनं धूळ काढली, आरशासारखं सगळं केलं. मग आतली ती हिरवी पाटी दाखवून म्हणाला, “मामा, ह्यातला एक कुठलातरी कथलाचा डाग, जोड, सुटलाय. थंडीनं आखडला की फट पडते, गरम झाला की जुळते. पर त्यो बंद पडला असताना घावंल. माझ्याकडं आणला की त्यो बंदच पडत न्हाई.”

“मग तू ये पहाटं माझ्या घरी.”

तो इतका हसला की हातातला चहा सांडला. पहाटे कोण येतंय शिरूरहून एका जुन्या डब्यासाठी. त्याचंही खरं होतं. पण हसायला नको होतं.

घरी येऊन मी हिला डागाचं सांगितलं. ती गुडघा चोळत बसली होती. म्हणाली, “म्हंजी माझ्या गुडघ्याचंच दुखणं की. सकाळी आखडतोय, ऊन लागलं की चालतोय. त्याला ऊब द्या, डाक्टर कशाला?”

ऊब द्यायची म्हणून मी घमेल्यात निखारे घेतले आणि टेबलाखाली ठेवले. टीव्ही लागायच्या आधी घरात धूर झाला. हिला दमा. ती खोकत खोकत अंगणात जाऊन बसली. मागचं झाकण एका कोपऱ्यात मऊ पडून वाकलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. आत येऊन म्हणाली, “आधी ठरवा, कुणाला जगवायचंय. टीव्हीला का मला?” ते ती हसून म्हणाली होती.

आता कुणी विचारेल, सकाळचाच टीव्ही कशाला पाहिजे होता? रोजच्याला नव्हताच पाहिजे. एका दिवसाला पाहिजे होता. सहा डिसेंबरला ती दर वर्षी दादरला जायची, चैत्यभूमीवर. वस्तीतल्या बाया मिळून दौंडहून रेल्वेनं जायच्या, भाकरी बांधून, पांढरं लुगडं नेसून. मी कधी गेलो, कधी नाही गेलो. ती चुकली नाही. मग दमा वाढला. गर्दीत एकदा घुसमटली, बायांनी उचलून बाजूला काढली. त्यानंतर पोरानं आणि मी मिळून तिचं जाणं बंद केलं. टीव्हीवर सकाळची वंदना दाखवतात म्हणून तिनं टीव्हीवर समाधान मानलं.

तर आधीच्या वर्षी काय झालं, ते सांगतो. ज्या बायांना जायला जमलं नाही त्या आमच्या घरी आल्या. पांढरी लुगडी नेसून, हातात फुलं घेऊन ओळीनं बसल्या. टीव्ही गुंगत राहिला. मी थापा मारल्या. बाया कंटाळल्या. एक म्हणाली, “ह्यो काय लागत न्हाई, घरी भाकरी पडल्यात.” उठून गेल्या. मग ऊन आलं आणि चित्र आलं. एक साहेब कांद्यावरच्या करप्याला कुठलं औषध मारायचं ते सांगत होता. ही एकटी बसून राहिली. सहा डिसेंबरला तिनं कांद्यावरचा करपा बघितला. शेवटपर्यंत बघितला.

ह्या खेपेला तिनं डोकं चालवलं. थंडीत दही लागत नाही म्हणून बाया विरजणाचं भांडं फडक्यात गुंडाळून चुलीच्या अंगाला ठेवतात. ती म्हणाली, टीव्हीला तसंच करायचं. संध्याकाळी तो चालवून चांगला तापवायचा, तापलेला असतानाच बंद करून गुंडाळायचा, सकाळी सोडायचा. मी म्हणलं, विरजण घालू का आत चमचाभर? तर म्हणाली, “घाला. तुमच्या थापांपरीस बरं.”

पण लागला. थंडी सुरू झाल्यापासून ती रोज करून बघत होती. घोंगडं गुंडाळलं तर कधी लागायचा, कधी नाही. चादरीनं मुळीच नाही. तिच्या गोधडीनं मात्र रोज लागला. मग ठरलं, पाच तारखेला गोधडी टीव्हीला.

त्या दिवशी दुपारपासून लाईट नव्हती. ती दारातल्या दिव्याकडं बघत बसली होती. दिवेलागणीला लाईट आली. लगेच टीव्ही लावला. कोण काय बोलतंय तिकडं दोघांचं लक्ष नव्हतं. ती मधून मधून उठून मागच्या जाळीवर पंजा ठेवायची, पोराचा ताप बघतात तसा. “अजून न्हाई,” म्हणायची. मग एकदा म्हणाली, “झाला.” आणि आम्ही गुंडाळला.

सकाळी मी आधी उठलो. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. चूल पेटलेली नव्हती. ती कुशीवर होती, गुडघे पोटाशी घेतलेले, चादर डोक्यावरून. मी हाक मारली. मग चादर काढली. मग हात लावला.

दम्यानं गेली, काळजानं गेली, काय कळलं नाही. सांगायला डॉक्टर नव्हता आणि मी नंतर कुणाला विचारलं नाही. विचारून काय. जी थंडी डब्याला सोसत नव्हती ती दमेकरी बाईला सोसेल, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो.

मी बराच वेळ तिथं बसलो. बाहेर उजाडलं. मग उठून टीव्हीची सुतळी सोडली. गोधडी काढली. आतल्या घडीला हात लागला तर ती कोमट होती. टीव्हीला रात्रभर ऊब पुरली होती. मी ती गोधडी हिच्या अंगावर घातली. पायाखाली खोचली, पाठीमागनं खोचली, कानावर घेतली.

मग बटन दाबलं. लाईट होती. रोज जाणारी लाईट त्या दिवशी होती. आधी आवाज आला, मागोमाग चित्र. गुंगला नाही, थरथरला नाही. मी त्याला आईवरून शिवी दिली. टेबल ओढून त्याचं तोंड तिच्या खाटेकडं केलं. पांढऱ्या कपड्यांची गर्दी दिसत होती, समुद्रापर्यंत. मी उशाशी बसलो.

शेजारची आक्का आली. पांढरं लुगडं, हातात मेणबत्ती. दारातूनच ओरडली, “लागला की गं बाई! आवो ताई, उठा, लागला तुमचा टीव्ही!”

“आक्का, बसा,” मी म्हणलं. “तिला उठवू नका.”

“बरं न्हाई का?”

“बसा. वंदना हुतीय.”

ती खाली बसली. मेणबत्ती लावून टेबलावर ठेवली, हात जोडले. बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं. आक्कानं म्हणलं, मी म्हणलं. आक्कानं एकदा वळून खाटेकडं बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि तिचा आवाज थांबला. मी थांबलो नाही. टीव्हीबरोबर शेवटपर्यंत म्हणलं.

संपल्यावर उठलो. टीव्ही बंद केला. पिन काढली.

“आक्का,” मी म्हणलं, “दौंडला पोराला निरोप धाडा.”