ज्यादाचा बल्ब

गुंजवण्याच्या गेनबाला ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द जन्मात कधी बोलता आले नाहीत. पाऊस कधी उघडणार इथपासून कुणाच्या म्हशीला रेडा होणार की रेडी इथपर्यंत सगळं त्याला ठाऊक असायचं. पावसानं आणि म्हशींनी त्याला बऱ्याचदा तोंडघशी पाडलं, पण गेनबाचं पडलं तरी नाक वर.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यानं बैलजोडी विकली आणि नाशिककडच्या एका द्राक्षबागेतला जुना, बुटका ट्रॅक्टर दारात आणला. शेजारचा म्हादू बैल घेऊन रस्त्यानं चालला होता. त्याला थांबवून गेनबा म्हणाला, “आता ह्यांचं कातडं तेवढं कामाचं.” मग नारळ फुटला आणि जमलेल्या सगळ्यांदेखत त्यानं चावी फिरवली. मीटरशेजारी एक लाल दिवा पेटला.

“ह्यो लाल कशापायी, गेनबा?” म्हादूनं साधंच विचारलं.

गेनबाला ठाऊक नव्हतं. इंजिन सुरू झाल्यावर दिवा आपोआप विझला, पण तिकडं बघायला त्याचं डोकं ठिकाणावर कुठं होतं?

“ज्यादाचा हाय,” तो म्हणाला. “काडूनच टाकायचा हाय.”

आणि बोललेलं खरं करायला संध्याकाळी त्यानं मीटरचा पत्रा खोलला, बल्ब उपटला आणि बायकोच्या हातात ठेवला.

“ज्येनं बसवला त्यो काय खुळा हुता व्हय?” ठकुबाईनं विचारलं.

“मशिनीतलं बायांनी बोलायचं न्हाई.”

“बरं,” म्हणून तिनं बल्ब मिसरीच्या डबीत टाकला. ठकुबाई शब्दाची पक्की. त्यानंतर ट्रॅक्टरचा विषय निघाला की ती चुलीकडं बघायची.

आठवड्याच्या आत बॅटरी उतरली. गेनबानं निदान केलं की बॅटरीच भिकार. नवी आणली, तीही उतरली. मग निदान बदललं आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनाम्यावर खापर फुटलं. तो खोलून, पोत्यात बांधून गेनबा एसटीनं भोरला याकूबच्या दुकानात गेला. याकूब गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. त्यानं डायनामा टेबलावर चढवून फिरवला, तर तो झकास चार्ज करत होता.

“ट्रॅक्टर हितं आना, गेनबाभाऊ. मला वायरिंग बघू द्या.”

“वायरिंग म्या बघितलंय.”

याकूबही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. डायनामा चांगला आहे हे कळत असूनही त्यानं कार्बन बदलले, साफसफाई केली आणि मजुरी घेतली. असं पोतं इतक्यांदा भोरला गेलं की कंडक्टर त्याला गेनबाचा पाहुणा म्हणायला लागला. आणि प्रत्येक खेपेनंतर गेनबा वेल्ह्यापासून सारोळ्यापर्यंत सांगत सुटायचा की याकूब चोर आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

ट्रॅक्टर मात्र चालायचा. डोंगरातल्या गावात उताराला काय तोटा? गेनबा कायम उतारावरच ट्रॅक्टर लावायचा, सोडून द्यायचा आणि गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा. पाहुण्यांकडं जायचं तरी आधी त्यांच्या दारात उतार आहे का ते बघायचा. सपाटीवर घर असलेल्या सख्ख्या मेव्हण्याकडं त्यानं सहा महिने पाय ठेवला नाही.

पण भाताचं खाचर सपाट असतं. आषाढात ऐन चिखलणीत, खाचराच्या मधोमध, ट्रॅक्टर बंद पडला. ढकलावा तर ढकलणारेच गुडघाभर गाळात. वाफ्यातलं रोप जून व्हायला लागलं होतं. चार दिवसांत लावणी झाली नाही तर त्याला फुटवे येणार नव्हते आणि वर्षाचा भात हातचा जाणार होता.

शेवटी गेनबा म्हादूच्या दारात गेला. म्हादूनं एका शब्दानंही कातड्याची आठवण काढली नाही. मुकाट्यानं बैल जुंपले आणि ट्रॅक्टर ओढून बांधाच्या कडेला आणला. त्याचं ते न बोलणं गेनबाला फार लागलं.

तेवढ्यात लुनावर मागं बॅटरी बांधून याकूब आला. आपली कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.

“चोर म्हनता, तर चोराला घर बघू द्या की,” म्हणत त्यानं मीटरजवळ डोकं घातलं. तिथं नुसतं भोक होतं. “हितला बल्ब कुठाय?”

गेनबा बायकोकडं बघायला लागला.

बांधावर रोपाच्या पेंढ्या टाकत असलेली ठकुबाई पुढं आली. “मशिनीतलं हाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “बोलू का?”

सगळा बांध ऐकत होता. गेनबानं मानेनंच होकार दिला. तिनं कनवटीची मिसरीची डबी काढली, बल्ब पदराला पुसला आणि याकूबच्या हातात दिला.

याकूबनं तो बसवला, आपली बॅटरी जोडली, चावी फिरवली. लाल दिवा पेटला, इंजिन धडधडलं आणि दिवा विझला.

“ह्या बल्बातनं डायनाम्याला पयला करंट मिळतो,” याकूब म्हणाला. “त्यो नसंल तर डायनामा नुसता फिरतो. माज्या टेबलावर बल्ब हाय, म्हनून तिथं चालायचा. आन चार्जिंग बंद पडलं तर ह्योच पेटून सांगतो.”

गेनबाचा सगळा राग बायकोवर निघाला. “डबीत घिऊन हिंडत हुतीस, तर सांगायचं न्हाई का?”

“सांगत हुता की त्यो दिवा,” ठकुबाई म्हणाली. “त्याला उपटून माज्या हातात दिलात, आन मला गप केलंत. मग तुमाला सांगायला ऱ्हायलं कोन?”

गेनबा खाली मान घालून ट्रॅक्टरवर चढला. म्हादू बैल सोडत होता. त्यानं पुन्हा साधंच विचारलं, “मग त्यो लाल कशापायी हुता, गेनबा?”

“मला म्हाईत नव्हतं,” गेनबा पुटपुटला. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही.

“आं?” म्हादूनं कानाला हात लावला.

गेनबानं गिअर टाकला. “बैल लई ताकदीचं हायती म्हनलं,” तो ओरडला आणि खाचरात शिरला.