करडईच्या तेलावर चालवलेली जीप

सासऱ्यांची परदेशी जीप धरणाच्या कामावरून लिलावात निघालेली होती. चार सिलिंडरचे, अडीच लिटरचे टर्बो डिझेल इंजिन. एवढे वर्णन पाहुण्यांना चहाच्या आधीच ऐकावे लागे. टर्बोचे सील गळून इंजिन तेल पिऊ लागले आहे आणि मागे निळसर धूर सोडते आहे, हे मात्र त्या वर्णनात नसे.

राणीसावरगावात आमचा तेलाचा घाणा होता. घरी तेल निघत असताना दुकानातून इंजिन ऑइलचे डबे आणणे सासऱ्यांना कमीपणाचे वाटे. म्हणून इंजिनात कमी पडेल तेवढे करडईचे तेल ते स्वतःच्या हाताने ओतीत. माझे पती एकदा चाचरत नको म्हणाले, तर जे माणसाला पचते ते लोखंडाला का पचू नये, असे उत्तर मिळाले. तेव्हापासून त्या जीपला वास सुटला: वारंवार तळलेल्या, खवट तेलाचा, जिभेवर थर धरणारा. तो पदरात शिरे, केसांत मुरे. रात्री उशीसुद्धा कढईसारखी वाटे.

परभणीच्या एका महाविद्यालयात मराठीच्या जागेसाठी माझी मुलाखत ठरली. घरून ही एकदाच परवानगी मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. विद्यापीठ नामांतराच्या आंदोलनामुळे त्या दिवसांत एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून सासरेच जीप काढून निघाले.

पोखर्णीच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. सासऱ्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. थोड्याच अंतरावर इंजिन दात खाल्ल्यासारखे करकरले आणि थांबले. त्यांनी बॉनेट उघडून तेलाचे झाकण काढले. आत तेल नव्हतेच. तपकिरी, तार सुटणारा चिकट गोळा होता, आजाऱ्याच्या घशातून निघावा तसा. सासऱ्यांनी तो बोटावर घेतला, हुंगला.

"तेल लय शुद्ध हाय आपलं," ते म्हणाले. "इंजिनच हलकं निघालं."

आणि माझी प्रमाणपत्रे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती, त्यालाच त्यांनी बोट पुसले.

बाजाराला बकऱ्या नेणारा एक टेम्पो माझा हात पाहून थांबला. सासरे आडवे आले.

"बकऱ्यांत बसून जाता का, सूनबाई? आपल्या घरची बाई अशी जात न्हाई. मिस्त्री येईपर्यंत थांबा."

"तुम्ही थांबा, मामंजी," मी म्हणाले आणि फळी धरून वर चढले.

पायांखाली लेंड्या होत्या, मुताचा उग्र दर्प होता, एक बकरी माझ्या निऱ्या चघळत होती. तरीही बऱ्याच महिन्यांनी मी छातीभर श्वास घेतला.

जागा मला मिळाली. पण मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला, ते विसरता येत नाही. बकऱ्यांचा वास, असे त्यांना वाटले असावे. मी मात्र ओळखला होता; टेबलावर ठेवलेल्या माझ्या प्रमाणपत्रांतून तो आमच्या घराचा वास येत होता.