दिरांचा ओटा आणि माझी कातर

माझ्या थोरल्या दिरांइतका, म्हणजे अण्णांइतका, उभ्याने श्रीमंत झालेला माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा नसेल. 'उभ्याने' हा शब्द मी अलंकार म्हणून घातलेला नाही. हा गृहस्थ खरोखरच बसत नसे. शिलाईच्या मशीनवर बसत, पण त्यांच्या मते ते बसणं नव्हतं, ते पाय चालवणं होतं. घरी जेवायला उकिडवे होत, तेही बसणं नव्हे. बाकी जगात कुठेही, कुणाच्याही घरी, लग्नात, बारशात, बसमध्ये रिकामी जागा समोर असली तरी अण्णा उभेच. सिनेमाला रीतसर तिकीट काढून जात आणि दाराशी उभे राहून सिनेमा बघत. एकदा तीन माणसांनी त्यांना तिथला नोकर समजून आपली तिकिटं दाखवली, तर यांनी ती निरखून बघितली आणि तिघांना अंधारात आपापल्या खुर्चीवर नेऊन बसवलंसुद्धा. आमच्या घरात एकच जुना कुटुंबाचा फोटो आहे. त्यात मधली मानाची खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या मागे, पाठीवर हात ठेवून, अण्णा उभे आहेत. फोटोवाल्याने विनवण्या केल्या, शेवटी वैतागून त्याने खुर्चीचाच फोटो काढला असं मला वाटतं. माझा नातू कोरमंगल्यात कामाला आहे. त्याच्या हापिसात म्हणे तब्येतीसाठी उंच टेबलं आणलीत आणि पोरं उभी राहून काम करतात. मी म्हटलं, अरे, आमच्या अण्णांना हे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच सुचलं होतं, आणि तेही टेबलाशिवाय!

मी मूळची बेळगावची आणि मॅट्रिक पास. हे दुसरं वाक्य मी त्या काळात श्वास घ्यावा तितक्या वेळा बोलत असे. सासर म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन चिकपेटेत रुजलेलं शिंप्याचं घर. मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवणारी माणसं. मला बघायला धाकट्या भावाला घेऊन अण्णाच आले होते. आमच्या बैठकीत सतरंजी घातलेली, तक्के मांडलेले, आणि हे खांबाला टेकूनही नाही, सरळ उभे. आईला वाटलं मुलगी पसंत नाही. आत्या दाराआडून कुजबुजली, "मूळव्याध असेल गं, बिचाऱ्यांना." पोहे उभ्याने संपवून अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला, "काज-बटण येतं?" मी मान ताठ करून म्हटलं, "मी मॅट्रिक आहे." तर ते म्हणाले, "असू दे, तो काही आजार नव्हे. काज-बटण येतं?" त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी कायमची 'मॅट्रिक' झाले.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. "ते छत्तीस छातीचे येऊन गेले," असा निरोप ते देत आणि घरातल्या सगळ्यांना कळे की पोस्टमास्तर येऊन गेले. टेप खिशात असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. यांचं माप नजरेतच व्हायचं. शेजारी एक म्हातारे गेले तेव्हा सांत्वनाला गेलेले अण्णा त्यांच्या मुलाचा हात धरून गहिवरून म्हणाले, "दोन महिन्यांत तीन इंच उतरले होते रे. मी तेव्हाच ओळखलं होतं." रस्त्याने चालताना मान कायम खाली, कारण पडलेली बटणं आणि टाचण्या त्यांना मातीतून हाका मारत. आणि हॉटेलात गेले की एकटे असले तरी कॉफी मागवत ती 'बाय-टू', म्हणजे एकाची दोन पेल्यांत. मी विचारलं, दुसरा पेला कुणाला? तर म्हणाले, "येतो की कोणीतरी. उभ्या माणसाला ओळखी फार होतात, मॅट्रिक." आणि खरंच कोणीतरी यायचा, आणि निघताना दोन शर्ट शिवायला टाकूनच निघायचा!

मी मात्र श्रीमंतीची निराळी वाट धरली होती. तेव्हा मासिकांत शब्दकोडी येत आणि पहिल्या बक्षिसाचा आकडा एवढा मोठा छापलेला असे की माझे डोळे दिपत. मी दर महिन्याला कोडं भरून धाडत होते आणि बक्षीस आल्यावर कोणत्या रंगाची मोटार घ्यायची यावर आमच्या ह्यांच्याशी भांडून दोन दिवस अबोलाही धरला होता. अण्णा येता-जाता विचारत, "काय मॅट्रिक, मोटार आली का? मला दारात उभं राहायला जागा ठेव हां."

अण्णांना मोटार नको होती. त्यांना एक ओटा हवा होता. चिकपेटेत तेव्हा कापडाच्या दुकानांपुढे दगडी ओटे असत. शिंपी त्या ओट्याच्या कोपऱ्यात दुसऱ्याच्या मेहेरबानीने मशीन मांडून बसत. अण्णांचं मशीन ज्याच्या ओट्यावर होतं ते दुकान, अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास रोखावा एवढंच, पण ते त्याचे मालक, कापडवाले शेट्टी, ओट्यासकट विकायला निघाले. त्यांनी अण्णांना शाळा उघडेपर्यंतची मुदत दिली. पलीकडे एक भांडीवाला टपून बसलेलाच होता.

आणि काय योग बघा, त्याच उन्हाळ्यात गिरणीकामगारांच्या मुलींसाठी एक नवी शाळा निघाली! अण्णा छत्री घेतलेल्या तिथल्या उंच मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभे राहिले (अर्थातच!) आणि दीडशे निळ्या स्कर्टांचं काम घेऊन आले. काम त्यांना मिळालं ते एका वचनावर. स्कर्टाच्या आत चार बोटं रुंद दुमड सोडायची. मुलगी वाढली की दुमड उसवायची, स्कर्टही वाढतो. "अम्मा, एकदा शिवा, तीन वर्षं घाला," असं ते म्हणाले होते. हे काम वेळेवर पोचलं की ओटा अण्णांचा, नाहीतर भांडीवाल्याचा. घरात नुसती धमाल उडाली. कापड आलं, पलंग उभा करून ठेवला, माळवदावर निळे ढीग पडले, आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, तोंडात दोरा धरून स्वयंपाक करू लागल्या. खालच्या दुमडीची हातशिलाई माझ्याकडे आली. साठ स्कर्ट.

आता माझ्या अकलेचं वर्णन ऐका. मी बेळगावात कॉन्व्हेंटच्या मुली पाहिलेल्या. त्यांचे स्कर्ट कसे हलके, झुळझुळीत! आणि हे चार बोटं दुमडीचे, खाली जाड, गोणपाटासारखे लोंबणारे. वचनाचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, ही शिंप्यांची जुनाट चिकटपणाची सवय. आपण शिकलेल्या आहोत, घराण्याला फॅशन शिकवली पाहिजे. म्हणून मी कातर घेतली आणि साठच्या साठ स्कर्टांची दुमड कापून, बोटभर ठेवून, सुरेख हातशिलाई केली. वर कापलेल्या पट्ट्यांची गुंडाळी करून अण्णांपुढे ठेवली आणि म्हटलं, "बघा अण्णा, केवढं कापड वाचवलं!"

अण्णांनी एक स्कर्ट उचलला, उलटा केला, बघितला. दुसरा बघितला. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या पाठीकडे बघवेना. तीन दिवसांवर शाळा. कापड संपलेलं.

अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. तोंडातला दोरा काढून त्या म्हणाल्या, "वेडे, तुला ठाऊक तरी आहे का काय कापलंस ते? हे पाच वर्षांचे असल्यापासून बापाबरोबर त्या ओट्यावर. गिऱ्हाईक आलं की शेट्टींचा बाप ओरडायचा, 'एळो, एळो!' ऊठ रे, ऊठ. मशीन उचल, सरक, गिऱ्हाईक गेलं की परत बस. दिवसातून किती वेळा ते देवाला ठाऊक. एकदा ह्यांच्या तापात निजलेल्या बापालाही त्याने तसंच उठवलं. तेव्हापासून ह्यांनी ठरवलं, जिथून कुणी ऊठ म्हणू शकेल तिथे बसायचंच नाही. माझ्याशिवाय कुणाला बोलले नाहीत. तू त्यांना मूळव्याध लावलीस."

मूळव्याध आत्याने लावली होती, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

मी बाहेर आले तर अण्णा पट्ट्यांची गुंडाळी उलगडत होते. म्हणाले, "मॅट्रिक, कापलेलं जोडता येतं. वाया गेलेला वेळ तेवढा जोडता येत नाही. पांढरी फीत आण." आणि मग काय सांगू! आळीतल्या साऱ्या बायका धावून आल्या. कुणी पट्टी जोडतेय, कुणी जोड झाकायला बाहेरून पांढरी फीत बसवतेय, कुणी इस्त्रीत कोळसा घालतेय. पलीकडच्या कानडी अज्जी "स्वल्प बाजूला हो गं, तुला कातर देऊ नये कुणी!" म्हणत माझ्या हातातून सुई काढून घेत आणि परत देत. मी बोटांना भोकं पाडून घेतली, पण साठांतले अठरा माझ्या हातचे आहेत!

शाळेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. फितीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही पांढरी रेघ? ठरली नव्हती." मी अण्णांच्या मागे लपले. वाटलं, आता हे काहीतरी थाप मारतील. अण्णा सरळ म्हणाले, "अम्मा, ही आमच्या मॅट्रिकची चूक आहे. दुमड कापली गेली, जोडली. पण आता ती चूक इतकी पक्की शिवलीय की मूळ कापड फाटेल, जोड उसवणार नाही." बाईंनी छत्री काखेत मारली, स्कर्ट दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. पुन्हा ओढला. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, जोड हलला नाही. "सरी, चालेल," बाई म्हणाल्या. आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्या वळल्या. "पण साठ जणींना रेघ आणि नव्वद जणींना नाही, हे चालायचं नाही. मुली भांडतील. सगळ्यांना रेघ लावा!"

आळी त्या रात्री पुन्हा सुया घेऊन बसली आणि शाळेच्या घंटेआधी दीडशेच्या दीडशे स्कर्ट पोचले. पुढे कित्येक वर्षं माझी चूक बंगळूरभर फिरत होती. बसला चढताना, फुलं विकत घेताना, लगोरी खेळताना. दुसऱ्या शाळाही रेघेचे स्कर्ट मागायला लागल्या. एका मशीनची सहा झाली, गाळे झाले, गावाबाहेर घर झालं. कोड्याचं बक्षीस मला आजतागायत आलेलं नाही.

पण ही सगळी नंतरची गोष्ट. ओट्याचे कागद झाले त्या सकाळी अख्खी आळी बघायला जमली होती. अक्कांनी ओटा धुतला, चटई घातली. अण्णांनी टोपी नीट केली, इकडेतिकडे बघितलं, जणू कोणी ओरडेल, आणि बसले. अण्णा बुटके, ओटा उंच. पाय जमिनीला टेकत नव्हते. थोड्या वेळाने ते पाय हलायला लागले, पाच वर्षांच्या पोरासारखे, मागे-पुढे, मागे-पुढे. कुणी हसलं नाही. तेवढ्यात टोपली घेतलेली एक फुलवाली दमून ओट्याच्या कडेला टेकली, मालक बसलेले पाहून चपापली आणि उठायला लागली. अण्णा झटकन सरकले. "कूतकोळ्ळी, अम्मा," म्हणाले, "बसा. इथून कोणी उठवत नाही."

अण्णा जाऊन आता खूप वर्षं झाली. दुकान त्यांचा नातू बघतो. नव्या फरशा घातल्या, पण ओटा त्याने काढला नाही. मी महिन्यातून एकदा रिक्षाने जाते आणि तासभर त्यावर बसते. तो आतून कॉफी पाठवतो, मी बाय-टू करून मागते. दुसरा पेला घेणारा कोणी ना कोणी येतोच. वयाने मीही आखडून बरीच उतरले आहे, किती इंच ते अण्णांनी बघताक्षणी सांगितलं असतं. त्या ओट्यावर आता माझेही पाय जमिनीला टेकत नाहीत.