अप्पांचा दम आणि मिरच्यांची धुरी

धारूरच्या बाजारात पहिलं काचेचं दार बसलं ते भीमाशंकरअप्पांच्या किराणा दुकानाला, पंच्याण्णव सालच्या दसऱ्याला. देशानं त्या काळात आपली दारं उघडली होती. अप्पांनी आपलं लावून घेतलं. धूळ बाहेर राहिली, माशा बाहेर राहिल्या आणि काही दिवस गिऱ्हाइकंही बाहेरच राहिली, कारण आत चपला घालून जायचं की काढून, हे कोणालाच ठरवता येईना.

दिवाळी सरली आणि अप्पांना दम लागू लागला. गादीवर बसल्या बसल्या छाती आवळून यायची, श्वासातून शिटी वाजायची. थोरल्या भावाला असाच दम लागत होता आणि एका सकाळी तो गेला होता. अप्पा कोणाशी बोलले नाहीत, पण साखर तोलताना मनात एकच यायचं, आता पाळी आपली.

धारूरला आजार लपत नाही. पंचायत समितीला एकदा पडलेले आणि तेव्हापासून सगळ्या विषयांतले जाणकार झालेले मोहनराव म्हणाले, "अप्पा, हृदय हाय हे. लई जपा."

बंकट शिंप्यानं अप्पांचं पोट न्याहाळलं. "दर साली सदऱ्याला कापड जास्त लागतंय. दम न्हाई लागणार तर काय?"

अप्पांच्या पत्नीला, गंगासागरबाईंना, मात्र शंकाच नव्हती. "नजर हाय. आख्खा बाजार काचेतून बघतोय तुमाला."

दिवेलागणीला त्या निखारे घेऊन दुकानात यायच्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या अप्पांवरून उतरवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. अप्पा खोकून खोकून लालबुंद व्हायचे.

"दार तरी उघड गं."

"उघडू नका. चारचौघांनी बघितलं तर परत लागंल. खोका, खोका, निघतीय बघा."

आधी हे अमावास्येला व्हायचं, मग शनिवारी, मग रोज. दम वाढला तशा बाईंनी मिरच्या वाढवल्या, त्याही दुकानातल्या सगळ्यात तिखट.

शेवटी दम मिरच्यांनाही दाद देईना, तेव्हा बाईंनीच अप्पांना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली, रक्त बघितलं, नळीत जोरात फुंकायला लावलं.

"हृदय ठणठणीत आहे. रक्तही कमी नाही. चढण चढताना दम लागतो?"

"न्हाई. परवाच पाव्हण्यांना घेऊन किल्ल्यावर गेलतो."

"मग लागतो कुठं?"

"दुकानात. बसून."

"दुकानात असतं तरी काय?"

अप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि म्हणाले, "धूळ असती. हळद असती."

"मी मिरच्या जाळते, बाई," गंगासागरबाई म्हणाल्या. "रोज. दार लावून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हसू दाबत, पण प्रेमानं त्यांनी समजावलं, की हा दमा आहे, श्वासनळ्या मुळातच नाजूक आहेत आणि कोंडलेल्या धुरानं त्या आणखी आवळतात. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप दिला, तो कसा ओढायचा तेही शिकवलं. धुरी बंद, दार उघडं.

एसटी स्टँडच्या बाकड्यावर बाई टेकल्या. म्हणाल्या, "मीच जीव घेत होते की तुमचा."

"अगं, मोहनरावांनी हृदय सांगितलं अन् चहा पिऊन गेले. बंकटनं पोट सांगितलं अन् तोबी पिऊन गेला. हात भाजून घेत रोज तूच आलीस." अप्पांनी पंप खिशात ठेवला. "मला सारखा दादाच दिसत होता गं."

"मला कावून न्हाई दिसणार? म्हणून तर मिरच्या वाढवीत गेले."

एसटी आली. अप्पा खिडकीशी बसले आणि त्यांनी पोटभर श्वास घेतला, शिटी न वाजवता. मनातल्या मनात त्यांनी आधी महादेवाचे आभार मानले, मग डॉक्टरीणबाईंचे, मग बायकोचे. क्रम चुकल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मानले, या वेळी बायकोपासून.

"खिडकी लावा, गार लागंल," बाई म्हणाल्या.

"राहू दे उघडी."

बाईंनी वाद घातला नाही. आपली शाल काढून त्यांच्या कानाभोवती गुंडाळली.