खाणीवरची टॉकीज आणि आमचे चुलतसासरे

जगात पाहण्यासारखी इमारत एकच, आणि ती आमच्या सासुरवाडीत दगडाच्या खाणीच्या कडेला उभी आहे, असं माझ्या चुलतसासऱ्यांचं ठाम मत होतं. ताजमहाल, गोलघुमट वगैरे त्यांनी पाहिलेले नव्हते आणि पाहण्याची गरजही त्यांना वाटत नव्हती. "तिथं आत बसून पिच्चर बघता येतो का?" एवढंच ते विचारायचे, आणि येत नाही म्हटलं की विषय मिटायचा. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणत आलो. तलवाड्याच्या पुढे उघड्या माळावर त्यांचं गाव. त्या गावच्या टॉकीजच्या दारात तिकिटं फाडण्यात मामांनी तारुण्य घालवलं, आणि टॉकीज बंद पडल्यावर उरलेलं आयुष्य तिचा इतिहास सांगण्यात घालवायचं ठरवलं. मी अंबाजोगाईला कॉलेजात इतिहास शिकवतो. देवाने नेमका हाच जावई त्यांच्या घरात का धाडला असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

टॉकीज बंद पडली तरी मामांची डोअरकीपरची नोकरी काही सुटली नव्हती. खिशात कायम बॅटरी. माझ्या लग्नात भर दुपारी बाराच्या उन्हात ते मांडवाच्या दारात बॅटरी पेटवून उभे होते. माझ्या आत्याच्या तोंडावर उजेड मारून, "लेडीज डाव्या अंगाला," असं म्हणत त्यांनी तिला जी नेऊन बसवली, ती अक्षता पडेपर्यंत जागची हलली नाही. मुंडावळ्या बांधून मी बोहल्यावर चढलो तेव्हा मामा वाकून माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. म्हणाले, "जावईबापू, जरा खाली बसा. मागच्यांना दिसंना."

पण त्यांची खरी खोड दुपारी तीनची. खाण चालू होती तेव्हा रोज तीन वाजता सुरुंग उडायचे. दुपारचा खेळ रंगात आलेला असायचा, बाहेर लाल झेंडा हलला की ऑपरेटर मशीन थांबवायचा, आणि अख्खी टॉकीज डोक्यावर हात घेऊन अंधारात गप्प बसायची. धाडधाड आवाज व्हायचे, पत्र्यावर खडे वाजायचे, मग मशीन पुन्हा सुरू. फटींतून आत आलेली दगडाची धूळ त्या उजेडाच्या झोतात तरंगत राहायची, आणि नायिका मारामारीतून पळत असो की स्वयंपाकघरात भाकरी थापत असो, त्या गावाला ती पुढचा अर्धा तास धुक्यातच दिसायची. मामा एकदा बीडला जाऊन नव्या थिएटरात सिनेमा पाहून आले. "कसा होता?" म्हणून विचारलं तर नाक मुरडून म्हणाले, "लई स्वच्छ. त्यात काय मजा न्हाई." खाण बंद पडून जमाना झाला, तरी तीन वाजले की मामा बोलता बोलता थांबतात, डोक्यावर हात ठेवतात आणि घटकाभर मनाने कुठेतरी निघून जातात. मी त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते, तेवढ्यात तीन वाजले. मामांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं. डॉक्टर बिचारे श्वास रोखून उभे. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "हां, आता चालू करा."

इतिहासाच्या बाबतीत मात्र माझं त्यांच्याशी कधी जमलं नाही. ते एकच इतिहास दोनदा सांगत नसत. एका दिवाळीत ती टॉकीज निझामाच्या कुण्या साहेबाने बेगमेसाठी बांधलेलं नाचघर होती. पुढच्या दिवाळीत बेगम गेली आणि तिच्या जागी एक तंबूवाला आला. नारायणगडाच्या जत्रेला निघालेल्या त्याच्या ट्रकचं चाक इथं रुतलं, ते निघालंच नाही, म्हणून गावाने तंबूच्या भोवतीच भिंती घातल्या. मी न राहवून विचारलं, "मामा, याला पुरावा काय?" मामांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मलाच माझ्या पदव्यांची लाज वाटली. "पुरावा कावून लागतो? मी हाय की."

खरा इतिहास त्यांनी मला एकदाच सांगितला, तोही बॅटरी न पेटवता. गावच्या मजूर सोसायटीवर नवं मंडळ आलं होतं. टॉकीज सोसायटीच्या मालकीची. ती पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे, असं चेअरमननी ठरवलं होतं आणि वार्षिक सभेत ठराव यायचा होता. मामांची झोप उडाली. त्यांनी मला खास बोलावून घेतलं आणि टॉकीजच्या भिंतीशी नेऊन बसवलं. म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात या खाणीवर खडी फोडायचं काम निघालं. शेतकऱ्यांच्या बायका तान्ही लेकरं घेऊन कामावर यायच्या. माळावर पाल्याचं एक झाड राहिलं नव्हतं. मग रोज घरी जाताना प्रत्येकीने एकेक दगड घडवून रचायचा, असं बायकांनी आपसांत ठरवलं. पहिली भिंत झाली, तिच्या सावलीत सकाळी लेकरं निजायची. दुपारी सावली पलीकडे जायची, म्हणून समोर दुसरी भिंत. "पिच्चर लई मागून आला, जावईबापू. आधी निस्ती सावली हुती." पुढे एका फिरत्या सिनेमावाल्याने चुना लावलेली भिंत पाहून तिच्यावर खेळ दाखवला, गावाला चटक लागली, आणि सोसायटीने वर पत्रे टाकले.

मी सवयीने तोंड उघडलं, पण त्याआधीच मामांनी माझा हात धरून दगडावर ठेवला. बोटांना छिन्नीची फुली लागली. आपला दगड ओळखू यावा म्हणून प्रत्येकीने त्यावर आपली खूण कोरली होती. कुणाची फुली, कुणाचा त्रिशूळ, कुणाची दोन टिंबं, एका दगडावर चिमणीचं पाऊल. मामा त्या भिंतीवरून हात फिरवत चालले आणि नावं घेत गेले. इतकी वर्षं इतिहास शिकवून मला जे मिळालं नव्हतं, ते तिथं होतं. मी वही काढून भराभर लिहून घेऊ लागलो.

सभेत मामांना दहा मिनिटं दिली होती. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हितं बसून काय कळणार न्हाई. चला." आणि बॅटरी पेटवून चालू लागले. चेअरमनसकट सगळी सभा उठून त्यांच्या मागे टॉकीजवर गेली. "ही तुझ्या आजीची खूण. ही बघ तुझ्या आईची." मिशांवर ताव देणारी माणसं त्या दगडांना गाल लावून उभी राहिली. एक म्हातारी तर भिंतीला मिठी मारून रडली. चेअरमननी डोळे पुसत ठराव तहकूब केला, आणि मामांचा इतका मोठा विजय झाला की रात्री घरी पुरणपोळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण पहार घेऊन आला. त्याला त्याच्या आईचा दगड घरी न्यायचा होता. मामा म्हणाले, "ने बाबा, तुझाच हाय." त्याला पाहून दुसरा आला. दुपारपर्यंत बैलगाड्या लागल्या. मंडळाला जी भिंत पाडता आली नसती, ती गावाने मायेपोटी दगड दगड करून घरी नेली. गाव ऊसतोडीला निघायच्या आत पत्रे उतरवावे लागले, नाहीतर ते कुणाच्या तरी डोक्यात पडले असते. अंबाजोगाईला हे कळलं तेव्हा मी आधी पोट धरून हसलो, आणि मग बायको माझ्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर हसू आवरलं.

पाडव्याच्या सुमारास मी गेलो. मामा खचले असतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मला गावभर हिंडवलं. टॉकीज आता घरोघर होती. कुणाच्या उंबऱ्यात, कुणाच्या तुळशीशी, कुणाच्या गोठ्यात. मामा दाराशी थांबून खूण दाखवायचे आणि पुढे व्हायचे. पारूबाई म्हणून एक विधवा आहे, तिच्या दारात चिमणीच्या पावलाचा दगड होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. तिथं मामा जरा जास्त वेळ उभे राहिले.

पुढे गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी सहज वही काढली. मामा म्हणाले, "तेवढं लिवू नका. धा-बारा खुणा मला ठाऊक हुत्या. बाकीच्या मी तितंच मनानं सांगितल्या. माणसं आशेनं बघत हुती, न्हाई कसं म्हणू?"

मी वही मिटली. "म्हणजे चिमणीचं पाऊलही खोटं?"

"ते खरं हाय." मामांनी मागे पारूबाईंच्या दाराकडे पाहिलं. "ती माझ्या आईची खूण."

टॉकीज वाचवायला हा माणूस एवढा का धडपडला, ते मला तेव्हा समजलं. मी विचारलं, "मग तो दगड पारूबाईंना का दिला?"

"तिची आई त्या दुष्काळात गेली. एकबी दगड ठिवायच्या आत. पारूला माझ्याच आईनं पाजलं, त्या भिंतीखाली. सगळे आपापला दगड नेत हुते आन् ही नुसती उभी. मी म्हणलं, पारू, ही घे, तुझ्या आईची खूण."

मागून पारूबाईंची हाक आली, "दादा, पाव्हण्यांना घिऊन चहाला या की!" मामा लगेच वळले. पारूबाईंनी ओट्यावर पोतं अंथरलं होतं, पण मामा त्यावर बसले नाहीत. दारातल्या दगडाशेजारी जमिनीवरच टेकले आणि एक हात त्याच्यावर ठेवून हळूहळू चहा प्याले. चहा संपला, कप गार झाला, ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. मीही त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकलो.