गवताला सुट्टी

गाईंनी चरावं कसं याचा आमच्या सरांइतका विचार केलेला माणूस वसई-विरारच्या पट्ट्यात नाही, आणि इतका विचार करूनही निर्णयाला न पोचलेला माणूस तर अख्ख्या पृथ्वीवर नसेल. सर भूगोलाचे. शाळेतून निवृत्त झाले, पण पृथ्वी काही त्यांना सुटली नाही. नंदाखालला त्यांच्या वाडीत नारळांच्या मागे गवताचा एक तुकडा आहे, तेवढीच आता त्यांची पृथ्वी. तिच्यावर फिरणाऱ्या तीन गाईंची नावं नर्मदा, तापी आणि वैतरणा. वैतरणा सगळ्यांत संथ. "नद्या आहेत त्या, नद्यांना बांधून ठेवू नये," असं सर म्हणायचे आणि त्याच दमात मला तार आणखी ओढून बांधायला सांगायचे.

मी वऱ्हाडातला. आठवीत शाळा सुटली, मग सुरतेत, भिवंडीत, मिळेल तिथे राबलो आणि फिरत फिरत या वाडीवर आलो. सरांनी काही विचारलं नाही. "जेवलास का?" एवढंच म्हणाले. गोठ्याशेजारची खोली मला दिली. तेव्हापासून माझा जीव सारखा खाली-वर. हे सगळं एक दिवस संपेल, सरांना माझं काही चुकलेलं दिसेल, असं वाटत राहायचं. म्हणून सर म्हणतील त्याला मी हो म्हणायचो. सर म्हणाले की आज वारा खाडीकडून आहे, की मला लगेच खाडीचा वास यायचा.

सरांच्या डोक्यात हे खूळ मोबाइलमधून शिरलं. कुठल्याशा लांबच्या देशात गाईंचा मोठा कळप एका लहानशा पट्ट्यात दाटीनं चारतात, मग पुढच्या पट्ट्यात नेतात, आणि मागचं गवत पुन्हा वाढेपर्यंत तिकडे कुणाला फिरकू देत नाहीत. सरांनी आमच्या तुकड्याचे पट्टे पाडले. बांबूच्या खुंट्या, त्यावर एक तार, आणि तारेत वीज सोडणारं झटका मशीन. तार चालू आहे की नाही हे बघायला लोक गवताची काडी लावतात, सर कोपर लावायचे. अंग शहारलं की समाधानानं म्हणायचे, "आहे." मग जमिनीवर पालथे पडून गाल गवताला लावून त्याची उंची बघायचे. त्यांच्या सगळ्या पँटींच्या गुडघ्यांना हिरवे डाग होते, रविवारी चर्चमध्ये मिसाला जायच्या पँटीलासुद्धा. "गाईचा दात लागला की गवताला सुट्टी द्यायची," ते सांगायचे. "सुट्टीत पोरं वाढतात ना? तसंच."

पट्टा बदलायची वेळ सरांनी घड्याळावर ठेवली नव्हती. चर्चच्या घंटेवर ठेवली होती. "घड्याळ ज्याचं त्याचं असतं. घंटा सगळ्या गावाची." सकाळची घंटा झाली की मशीन बंद करायचं, पुढची तार काठीनं उचलून धरायची, गाई खालून नव्या पट्ट्यात. दुपारच्या घंटेला पुन्हा तेच. संध्याकाळच्या घंटेला गोठा. महिनाभरात गाई इतक्या तयार झाल्या की पहिला टोला पडला की मान वर करून तारेपाशी रांगेत उभ्या राहायच्या. वैतरणा शेवटी, पण उभी राहायची.

या सगळ्याला गावात एकच कायमचा विरोधक होता. कुंपणापलीकडे केळी लावणारे आंकल. सरांचे बालपणापासूनचे मित्र. रोज संध्याकाळी हातात विळा घेऊन ते कुंपणापाशी यायचे.

"काय मास्तर, भरली का गुरांची शाळा?"

"तू बोलू नकोस. तुझी केळी उभ्या जन्मात जागची हलली नाहीत."

"हलली नाहीत म्हणून तर घड लागतात. अरे, एवढ्याशा जागेत तुझी गाय वळली तर शेपूट माझ्या वाडीत येतं! पावसात खुरांनी चिखल होणार, गवत कुजणार. हे मोठ्या रानाचे धंदे आहेत. ए वऱ्हाडी, तूच सांग, खरं की खोटं?"

मी सरांकडे बघायचो. सर म्हणायचे, "खोटं." मी म्हणायचो, "खोटं." आंकल विळा हवेत फिरवून हसायचे. "हा तुझा साक्षीदार होय! याला तू उद्या वैतरणेवर बसवून मिसाला नेलंस तरी बसेल."

पण वाद निव्वळ गमतीचा नव्हता. सरांची मुलगी परदेशी असते. फोनवर तिचं एकच म्हणणं, पपा, गाई देऊन टाका, माझ्याकडे या. मावशी, म्हणजे सरांची बायको, गेल्यापासून घरात सर एकटेच. त्यांनी मुलीला शब्द दिला होता : "पावसाळा संपू दे. गवत काय सांगतं ते ऐकतो. गाईंची फेरी पूर्ण होऊन पहिल्या पट्ट्याशी परत येईपर्यंत तिथलं गवत गुडघ्याला लागलं, तर एवढ्या जागेत तीन गाई पोसतात. नाहीतर देऊन टाकीन आणि येईन." गाई गेल्या की माझी खोलीही गेली, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. आणि पंच म्हणून सरांनी कुणाला नेमावं? आंकलना. "तो माझ्या बाजूनं बोलला तर देवसुद्धा मानेल." येत्या रविवारी मिसानंतर दोघांनी पहिल्या पट्ट्यात उभं राहून गुडघ्याला गवत लावून बघायचं ठरलं होतं. तोवर गाईंना त्याला लागून असलेल्या शेवटच्या पट्ट्यातच थांबवायचं होतं.

शुक्रवारी, दुपारची घंटा होऊन बराच वेळ झाल्यावर पुन्हा टोला पडला. गाईंनी माना वर केल्या. सर झावळ्या बांधत होते, ते सवयीनं तसेच उठले, मशीन बंद केलं, तार काठीवर उचलून अडकवली आणि मग थांबले. दुसरा टोला फार वेळानं पडला. तिसरा त्याहून उशिरा. अशी घंटा गावात माणूस गेल्यावरच होते. सर माझ्याकडे बघत उभे होते तेवढ्यात आंकलच्या सुनेनं केळीतून हाक मारली. हाक कसली, नुसताच आवाज. सर कुंपण ओलांडून धावले. तारेचं कुणाला भान? मीही मागोमाग गेलो. खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, लोकांना वाट दाखवली. आंकल जेवून आडवे झाले होते ते उठलेच नव्हते; मुलगा आधी चर्चमध्येच सांगायला धावला होता.

दिवेलागणीला आम्ही परत आलो. समोरचा पट्टा, जो रविवारसाठी राखला होता तोच पहिला पट्टा, भुईसपाट. घंटा झाली, तार वर होती, गाई शहाण्यासारख्या पुढे गेल्या होत्या. वैतरणा शेवटचा झुपका चघळत होती. सर बराच वेळ त्यात फिरले. पालथे पडून गालही लावला. मग विचारलं, "सकाळी किती होतं रे?"

"गुडघ्याच्या वर होतं, सर." आणि खरंच होतं. पहाटे मी तिथून गेलो तेव्हा दवानं माझे गुडघे भिजले होते.

सर कसंनुसं हसले. "तू मला कधी नाही म्हणतोस का? तुझी साक्ष चालायची नाही."

मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं, की निकाल लागला नाही, पंच वारले. आणखी एक पावसाळा दे. ती रडली असावी. आंकल तिचेही आंकलच होते.

त्यानंतर संध्याकाळी गाई बांधून झाल्या की सर कुंपणापाशी जाऊन नुसते उभे राहायचे. पलीकडे केळीची पानं हलायची, बाकी काही नाही. एकदा मला म्हणाले, "जा, त्या बाजूला उभा राहा."

मी वळसा घालून केळीत जाऊन उभा राहिलो.

"आता सांग, हे जमणार नाही म्हणून."

"जमेल की, सर."

"मग तिकडे कशाला गेलास? हे इथूनही बोलता आलं असतं."

मी खाली बघत म्हणालो, "एवढ्या जागेत... अवघड आहे, सर."

"का अवघड?"

"चिखल होतो."

"हां! चिखल झाला की गाई दोन दिवस गोठ्यात, पेंढ्यावर. पुढे?"

"दसऱ्यानंतर गवत वाढतच नाही."

"तेव्हा विकतचा चारा. पुढे! जोरात बोल जरा, तो काय असा बोलायचा?"

मी बोलत गेलो. उन्हाळ्यातलं पाणी, भाकड गाय, तारेचा गंज. सर एकेकाला उत्तर देत होते, हात नाचवत, आवाज चढवत, कितीतरी दिवसांनी. आणि त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि सर, तुमच्या माघारी या गाईंचं कोण बघणार?"

सरांचा हात हवेतच राहिला. आता आपलं गाठोडं बांधावं लागणार असं मला वाटलं. पण ते रागावले नाहीत. कुंपणाच्या खांबावर हात ठेवून केळीकडे बघत राहिले.

"हे तो कधीच बोलला नाही," ते म्हणाले. "मुद्दा चांगला आहे. उद्या उत्तर देतो."

ते उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज संध्याकाळी पलीकडे जाऊन उभा राहतो, आणि आम्ही चिखलापासून सुरुवात करतो.