उजवा हात बाहेर

मुडबीच्या चनमल्लप्पाला रिक्षात बसवणं म्हणजे रिक्षावाल्याची परीक्षाच असायची. मागच्या सीटवर बसून त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायचा, डावा पाय क्लच शोधायचा आणि वळण आलं की 'हात दाखीव की रे' म्हणून तो ओरडायचा. सरकारी बसवर त्यानं एकतीस वर्षं काढली होती. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीखाली कोंबडंसुद्धा आलं नाही असं तो सांगायचा, आणि कोंबडीचं सोडलं तर ते खरंही होतं. निवृत्त होताना महामंडळानं दिलेलं चांदीचं पदक त्यानं बसवण्णांच्या फोटोखाली लावलं होतं. रोज कपाळाला विभूती लावताना त्याची नजर आधी फोटोकडं जायची आणि मग पदकाकडं. बायको लिंगम्मा ते बघून पदर तोंडाला लावून हसायची.

या लिंगम्माची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला बीदरला न्यायची वेळ आली. बसचे हिसके तिला सोसेनात. मुलगा वीरेश हैदराबादच्या कारखान्यात, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. चनमल्लप्पाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, लायसनची मुदत संपलेली. नवं काढायला जावं आणि डॉक्टरनं 'दिसत नाही' असं कागदावर लिहून द्यावं, ही धास्ती त्याला होती. म्हणून तो गेलाच नाही. शेवटी घरात जुनी पांढरी मारुती आली, आणि ती चालवायला चनमल्लप्पानं सुनेला, उमादेवीला शिकवलं.

तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात महिनाभर ही शाळा चालली. मास्तर कडक होता. "नुसता दिवा लावून भागत न्हाई," तो म्हणायचा, "दिव्याकडं कोन बघतंय? उजवीकडं वळायचं तर थांबायचं, अन् उजवा हात खिडकीबाहेर काढायचा. सरळ. हात दिसला की मागच्याला कळतंय, आत मानूस हाय म्हनून."

"मामा, आता कोन हात दाखवतंय?" उमादेवी हसायची.

"तू दाखव."

ती दाखवायला लागली. पक्कं लायसन मिळालं. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, ती सासूला बीदरला नेऊन आणत होती. पुढं उमादेवी, शेजारी लिंगम्मा, मागं चनमल्लप्पा. सासू-सुनेचं पुढं काय काय चालायचं, हे मागच्याला कधी नीट ऐकू आलं नाही. दोघी हसल्या की तो उगाच 'समोर बघ' म्हणायचा.

कार्तिकातल्या एका गुरुवारी ते असेच परतत होते. आदल्या रात्री लिंगम्माच्या पायांत गोळे आले होते आणि चनमल्लप्पा पहाटेपर्यंत तिचे पाय दाबत बसला होता. बीदर सोडलं आणि त्याचा डोळा लागला. डोळे उघडले तेव्हा मांडीवर काचा होत्या. गाडी मुडबीच्या फाट्यावर आडवी झाली होती, डाव्या बाजूला फरशी भरलेला एक टेम्पो दारात घुसला होता, आणि ते दार लिंगम्माच्या बाजूचं होतं. दवाखाना येण्याआधीच लिंगम्मा गेली, लिंगैक्य झाली.

दवाखान्याच्या ओसरीवर पोलीस जमादार वही घेऊन आला. त्यानं कन्नडात विचारलं, गाडी कोण चालवत होतं? उमादेवी भिंतीला टेकून खाली बसली होती. बांगड्या फुटल्या होत्या, उजव्या हातावर रक्त वाळलं होतं. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच चनमल्लप्पा बोलून गेला.

"नानु," तो म्हणाला. मी.

यात त्याचं काही वाईट मनात होतं असं म्हणणाऱ्याची जीभ झडो. आगारात त्याचा एक दोस्त होता, श्रीपतराव. एक दारुडा सायकलीसकट त्याच्या मागच्या चाकाखाली आला. श्रीपतरावाची तिळमात्र चूक नव्हती, पण सात वर्षं तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिला. निर्दोष सुटला तेव्हा त्याला जेवणाचं भान राहिलं नव्हतं. आपल्या घरच्या पोरीला त्या पायऱ्यांवर बसवायचं नाही, एवढं चनमल्लप्पाला कळत होतं. शिवाय गावाची तोंडं होती. सुनेनं सासूला नेऊन मारलं, असं म्हणायला कुणाला उशीर लागणार होता?

आणि तिसरंही एक कारण होतं. तो झोपला होता. काय झालं हे त्यानं बघितलं नव्हतं. पोरीची चूक झाली असेल का, हा किडा त्याच्या मनात वळवळत होता, आणि तो किडा बाहेर दिसू नये म्हणून त्यानं त्याच्यावर 'मी' हे झाकण ठेवलं. हे मात्र तो स्वतःशीही कबूल करायला तयार नव्हता.

पुढं विम्याचा अर्ज आला. त्यात चालकाचं नाव लिहायचं होतं. पोलिसांत एक आणि कंपनीत दुसरं चालणार नव्हतं, म्हणून तिथंही त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं आणि जुन्या लायसनची प्रत जोडली. येऊन धडकला टेम्पो, आपलं लायसन कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. सही करायच्या वेळी उमादेवी चहा ठेवायला आली. अर्जावरचं नाव तिनं वाचलं आणि कप ठेवून आत गेली. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलायला लागली. ती सासूसाठी झुरते आहे, असं चनमल्लप्पा धरून चालला.

वेळ अमावस्येला, पिकाची पूजा करून तिथंच जेवायला, सगळा गाव रानात गेला. भज्जी-आंबिलाची भांडी डोक्यावर घेऊन उमादेवी चालत निघाली. लिंगम्माची समाधी रानातच, बांधाच्या कडेला होती. जेवायला आलेला शेजारचा एक म्हातारा चनमल्लप्पाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सुनंला सांभाळून घेतलास गा. दुसरा आसता तर घराबाहेर काढला आसता." चनमल्लप्पाला ते कौतुक वाटलं. पाच पावलांवर उमादेवी आंबील वाढत होती. तिनं ते ऐकलं, वाढायचं पुरं केलं आणि उरलेला दिवस समाधीजवळ बसून काढला.

त्यानंतर आठवड्यानं कंपनीनं कलबुर्गीहून एक तपासनीस पाठवला. बसवप्रभु त्याचं नाव, वयानं वीरेशएवढा, बोलायला मऊ. गाडी बसवकल्याणच्या एका गॅरेजात पडून होती, तिथं त्यानं चनमल्लप्पाला बोलावलं.

"अप्पा, सीट कुणी हलवली नाही ना?"

"कोन हलवतंय? तशीच हाय."

"मग जरा बसून दाखवता?"

चनमल्लप्पा चांगला सहा फुटी गडी. तो आत शिरायला गेला आणि त्याचे गुडघे स्टेअरिंगखाली अडकले. सीट पार पुढं ओढलेली होती, बुटक्या माणसाचे पाय पोचावेत इतकी. एकतीस वर्षं चालकाच्या जागेवर बसलेला तो माणूस, पण त्या जागेत त्याला बसता येईना. गॅरेजातली माणसं बघत होती. तो तसाच अर्धा आत आणि अर्धा बाहेर अवघडून राहिला.

बसवप्रभुनं त्याला हात देऊन बाहेर काढलं आणि सावलीला नेऊन मोबाइल पुढं धरला. फाट्यासमोरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं.

पांढरी गाडी फाट्यावर येऊन थांबते. दिवा उघडमीट करतो. मग उजव्या खिडकीतून एक हात बाहेर येतो, हिरव्या बांगड्यांचा, सरळ. समोरून एक ट्रक जातो, एक बस जाते. हात तसाच असतो. मागून टेम्पो भरधाव येतो, त्याला आवरत नाही, तो डावीकडून काढायला बघतो. गाडी जागची हललेलीसुद्धा नसते.

"परत दाखवा," चनमल्लप्पा म्हणाला. तिसऱ्यांदा बघताना त्याला गाडीच्या मागच्या काचेत काहीतरी पांढरं दिसलं. ती त्याची टोपी होती, एका बाजूला कललेली.

"अप्पा," बसवप्रभु म्हणाला, "बाईंचं नाव लिहिलं असतं तर कंपनीनं मुकाट्यानं दावा दिला असता. आता देणार नाही. खोटा चालक, त्यात लायसन संपलेलं. मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. पण टेम्पोवाल्याचा वकील म्हणतोय की म्हातारा बिनालायसनचा होता, एकदम वळला. ठाण्यात जाऊन खरं सांगा. गाडीचं जाऊ द्या, त्या हाताचं तरी कागदावर येऊ द्या."

घरी येईपर्यंत चनमल्लप्पानं काय बोलायचं ते घोकलं होतं. उमादेवी भाकरी थापत होती.

"उमा, चूक तुझी न्हवती. मी बघितलो, फोनमदी."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला ठाव हाय, मामा. मी तितंच होते."

तिनं पिठाचा दुसरा गोळा हातात घेतला.

"दोन म्हैने झाले," ती म्हणाली, "एकदा तरी इचारताल म्हनून वाट बघायलेय. गाडी मीच चालवते हे सगळ्या गावाला ठाव हाय. तुम्ही झाकलं म्हनूनच त्यानला पटलं, झाकन्यासारखं कायतरी आसंल. फोनमदी बघितल्यावर तुमाला पटलं. मला कामून न्हाई इचारलं?"

चनमल्लप्पा पदकाखाली जाऊन बसला आणि लिंगम्मा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. तव्यावरची भाकरी करपली, ती उमादेवीनं उतरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं ठाण्यात गेले. जमादार तोच होता. त्यानं जुना जबाब काढला, कपाळाला आठ्या घातल्या, खोटं सांगितल्याबद्दल कोर्टात उत्तर द्यावं लागेल असं बजावलं आणि नव्या कागदावर पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी कोण चालवत होतं?

चनमल्लप्पानं ओठ घट्ट मिटून धरले.

"नानु," उमादेवी म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, दिवा, हात, ट्रक, बस. जमादारानं लिहून घेतलं आणि पेन चनमल्लप्पाकडं वळवलं. तुम्ही कुठं होता? काय बघितलं?

"मागं होतो," तो म्हणाला. "काय बघितलो न्हाई. झोपलो होतो."

बाहेर आल्यावर दोघं बसस्थानकातल्या बाकड्यावर बसले. मुडबीच्या बसला वेळ होता. चनमल्लप्पानं टोपी काढून हातात घेतली. दोन महिन्यांपूर्वी विचारायची गोष्ट त्यानं आज विचारली.

"उमा," तो म्हणाला, "काय झालं ग त्या दिवशी? तू सांग."

उमादेवीनं पदरानं तोंड पुसलं.

"फाटा आला. मी थांबले, हात काढले. आत्यानं मागं वळून बघितलं तुमच्याकडं. तुमची टोपी पडायलती. मी म्हनलं, गाव आलं, मामाला उठवू का? तर म्हनल्या, नगं. रातभर माजे पाय दाबलेत त्यांनी. झोपू दे, घरी गेल्यावर उठवू." उमादेवीनं त्याच्या हातातल्या टोपीकडं बघितलं. "तुमच्याकडं बघूनच हसायलत्या. मग टेम्पो आला."

लिंगम्माचे शेवटचे शब्द त्याच्याबद्दलचे होते. इतके दिवस ते त्याच्याच घरात, चुलीपुढं होते, आणि त्यानं विचारलं नाही म्हणून कुणी त्याला दिले नव्हते.

मुडबीची बस आली, लागली. लोक चढले. कंडक्टरनं चनमल्लप्पाला ओळखून हाक मारली, "चला ड्रायव्हरसाब, जागा धरलीय."

चनमल्लप्पानं नुसता हात हलवला. "ही जाऊ दे," तो सुनेला म्हणाला. "आनखी एकदा सांग. काय म्हनली ती?"